फुकटचा ज्यूस

आम्ही दोघं लास वेगासला जाऊन आलो असं सांगितलं की नातेवाइकांत दोन प्रकारचे चेहरे दिसतात. सांगलीच्या वन्संचा चेहरा ‘या वयात?’ असा, आणि भाचरांचा ‘मामी, किती हरलात?’ असा. प्रत्येकाला फोनवर वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहावं म्हणून हा खटाटोप. आकड्यांसकट लिहिते आहे. कारण त्या तीन दिवसांत मला जे कळलं ते आकड्यांतूनच कळलं.

झालं असं. मे २०२५ मध्ये आमच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. सप्टेंबरात आम्ही लेकीकडे गेलो, लॉस एंजलिसजवळ. ऑक्टोबरात जावईबापूंचं लास वेगासला तीन दिवसांचं ऑफिसचं काम निघालं, तेव्हा लेक म्हणाली, “आई, तुम्ही दोघं पण जा. पन्नाशीचा प्रवास समजा. खोलीचं काही बघू नका, माझ्या पॉइंटांवर फुकट मिळते आहे.” आणि एका पाकिटात तीनशे डॉलर घालून तिने ते ह्यांच्या हातात दिलं. “खा, प्या, हिंडा. परत आणू नका.”

हे पाटबंधारे खात्यात हिशेबाला होते. निवृत्त होऊन सतरा वर्षं झाली, पण खिशातली डायरी गेलेली नाही. रिक्षाचे तीस रुपयेसुद्धा त्यात लिहिले जातात. तेव्हा पाकीट ह्यांच्याकडे आणि डायरीही ह्यांच्याकडे अशी व्यवस्था झाली. मी डब्यात थालीपीठं, भडंग आणि राजगिऱ्याचे लाडू भरले. मोहावीच्या वाळवंटातून साडेचार-पाच तासांचा रस्ता. झाड नाही, गाव नाही, आणि एकदम समोर आयफेल टॉवर, पिरॅमिड आणि स्वातंत्र्यदेवता एका ओळीत! भूगोलाचा पेपर कोणी कात्रीने कापून चुकीचा चिकटवावा तसं.

मी चौतीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला, त्यामुळे थोडा इतिहास आल्याशिवाय राहत नाही. हे गाव १९०५ साली रेल्वेने जमिनीचा लिलाव केला तेव्हा वसलं. १९३१ साली नेवाडा राज्याने जुगार कायदेशीर केला, आणि त्याच वर्षी जवळच कोलोरॅडो नदीवर हूवर धरणाचं काम सुरू झालं. (धरण म्हटल्यावर ह्यांचे डोळे चमकले. जुगाराच्या गावात येऊन धरणाची चौकशी करणारा एकच माणूस असेल तर तो आमच्या घरात आहे.) ज्या रस्त्याला ‘स्ट्रिप’ म्हणतात त्यावरचं पहिलं मोठं हॉटेल १९४१ साली उघडलं, एल रँचो वेगास. बुफे म्हणजे ठरावीक पैशांत पोटभर जेवण, ही पद्धत या गावात त्याच हॉटेलाने आणली असं सांगतात. एका डॉलरमध्ये हवं तितकं खा. का, तर रात्री भूक लागली म्हणून खेळणारा माणूस उठून दुसरीकडे जाऊ नये. जेवण हे गळाला लावलेलं गांडूळ होतं. स्वस्त खोली, स्वस्त जेवण, फुकट दारू, आणि या सगळ्याची वसुली खेळाच्या टेबलावर.

ती वसुली कशी होते ते मी तिथे उभी राहून मोजलं. रूलेटच्या चाकावर एक ते छत्तीस आकडे, शिवाय एक शून्य आणि एक दोन शून्यांचं घर. म्हणजे अडतीस घरं. समजा आपण प्रत्येक घरावर एकेक डॉलर ठेवला, तर जिंकणाऱ्या घराचे पस्तीस मिळतात आणि आपला एक परत. हातात छत्तीस. अडतीस लावले, छत्तीस आले. दोन मालकाचे. कोणीही जिंको, कोणीही हरो, दर अडतीसमागे सरासरी दोन मालकाला जायचेच. धर्मराजाला निदान शकुनी दिसत तरी होता. इथे शकुनीची गरजच नाही, भागाकार पुरतो.

पण मंडळी, आता ते जुनं गणित बदललं आहे, आणि आमच्यासारख्या न खेळणाऱ्यांना जे चटके बसतात ते त्यामुळेच. १९९० च्या दशकात तिथे नामांकित आचाऱ्यांची उपाहारगृहं येऊ लागली. वुल्फगँग पक यांचं ‘स्पॅगो’ १९९२ साली आलं. लोक खायला, नाच-गाणी बघायला, खरेदीला येऊ लागले. त्या दशकाच्या अखेरीपासून स्ट्रिपवरच्या कॅसिनो-हॉटेलांना जुगारापेक्षा खोल्या, जेवण आणि करमणूक यांतून जास्त पैसा मिळतो. म्हणजे जे गांडूळ होतं तेच आता मासा झालं! २०१६ पासून मोठ्या हॉटेलांत गाडी उभी करायलाही पैसे पडू लागले. २०२० च्या साथीत बंद पडलेले कितीतरी बुफे पुन्हा उघडलेच नाहीत. राहिलेल्यांपैकी एकाच्या दारावर आम्ही दर वाचला. रात्रीचं जेवण माणशी पंच्याहत्तर डॉलर. ह्यांनी तिथल्या तिथे अठ्ठ्याऐंशीने गुणलं (तेव्हा डॉलर अठ्ठ्याऐंशी रुपयांच्या आसपास होता) आणि म्हणाले, “सहा हजार सहाशे. एका माणसाचे.” मग आम्ही दोघंही दाराशी ठेवलेल्या केकच्या चित्राचं कौतुक करून निघालो.

पहिला दिवस असाच गेला. दोन कॉफी आणि एक मफिन, चोवीस डॉलर. हॉटेलच्या दुकानात पाण्याच्या दोन बाटल्या, बारा. (तीच बाटली रस्त्यापलीकडच्या औषधांच्या दुकानात निम्म्याहून कमी किमतीत होती, हे दुसऱ्या दिवशी कळलं. जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा.) खोलीतल्या छोट्या फ्रिजमध्ये ह्यांचं इन्सुलिन ठेवायला मी आतली एक बाटली उचलून बाजूला ठेवली, तर ती म्हणे विकत घेतली असं यंत्राने परस्पर लिहिलं. खाली जाऊन सांगितल्यावर त्यांनी ते काढून टाकलं, पण माझा जीव अर्धा झाला. फ्रिजला हात लावायचीसुद्धा किंमत!

रात्री फूड कोर्टात पिझ्झाचे दोन तुकडे आणि सरबत घेतलं, एकोणतीस डॉलर. मी अर्धा तुकडा खाऊन म्हटलं, “मला बाई भूकच नाही.” आणि मध्यरात्री उठून, दिवा न लावता, राजगिऱ्याचे दोन लाडू खाल्ले.

माझ्या वयाच्या बायकांना हे समजावून सांगायला नको. ‘मला भूक नाही’ हे वाक्य आम्ही आयुष्यभर पैशांच्या जागी वापरलं आहे. मेनूकार्ड आम्ही उजवीकडून वाचतो, आधी आकडा आणि मग पदार्थ. १९७६ साली माझा पहिला पगार तीनशेच्या घरात होता. सासूबाई, दोन दीर आणि आम्ही, असा संसार. हॉटेलात गेलो तरी एक मसाला डोसा ह्यांना, एक मुलीला, आणि मला भूक नसायची. त्यात कोणी माझ्यावर जुलूम केला नाही. मीच ते ठरवलं होतं आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता. खरं सांगते.

बुधवारी सकाळी थालीपीठं झाली. दुपारी नूडल्सची एक बशी दोघांत, एकवीस डॉलर. नंतर मी खोलीत पडले आणि हे म्हणाले, “जरा खाली फेरी मारून येतो.” तासाभराने आले ते खूश. “अगं, खाली बाई ट्रे घेऊन फिरते, संत्र्याचा ज्यूस देते. फुकट! मी फक्त एक डॉलर टिप दिली.” डायरीत लिहिलंही तसंच. ‘ज्यूस: निःशुल्क. टिप: १.’

संध्याकाळी मात्र पोटात खरंच कावळे ओरडायला लागले. दोघांनाही. एका बऱ्यापैकी उपाहारगृहात जाऊन बसलो. पांढरं कापड, छोटा दिवा. मी सवयीने उजवा रकाना वाचला आणि म्हटलं, “तुम्ही घ्या काहीतरी. मला भू...”

हे म्हणाले, “काल रात्री लाडू किती खाल्लेस?”

मी गप्प.

“दोन,” हे म्हणाले. “मी जागा होतो.”

मला अशी लाज वाटली म्हणून सांगू! चोरी पकडली गेल्यासारखी. मग मी रागानेच पाकीट मागून घेतलं, म्हटलं बघू तरी किती उरलेत. माझ्या हिशेबाने आधीच्या दिवसाचे पासष्ट आणि दुपारचे एकवीस वजा जाता दोनशे चौदा हवे होते. निघाले एकशे त्रेपन्न. पाटबंधारे खात्यातला माणूस एकसष्ट डॉलर चुकत नाही.

“ज्यूस,” हे म्हणाले, माझ्याकडे न बघता.

ज्यूस फुकट असतो तो खेळणाऱ्याला. म्हणून हे एका स्लॉट मशीनपुढे बसले. ‘पेनी स्लॉट’ म्हणजे एका सेंटचा खेळ असं नाव, पण एकदा बटण दाबलं की चाळीस, पन्नास, ऐंशी सेंट जातात. वीस डॉलर घातले, ज्यूस यायला वेळ लागला, ते संपले. पुन्हा वीस. मग ज्यूस आला. मग ‘आता निदान गेलेले तरी काढू’ म्हणून आणखी वीस. साठ डॉलर. आमच्या घराण्यातला हा सगळ्यात महाग ज्यूस! पन्नास वर्षांत ह्यांच्या डायरीत खोटी नोंद मी पहिल्यांदा पाहिली. तशी खोटी नव्हती म्हणा. ‘निःशुल्क’ हे खरंच होतं. फक्त पूर्ण नव्हतं.

मी चिडले का? नाही. हसायला आलं, आणि मग हसता हसता थोडं रडायलाही. दिवसभर मी भूक लपवत होते आणि हे हार लपवत होते, आणि दोघंही एकमेकांसाठीच लपवत होतो. मग मी उजवा रकाना हाताने झाकला आणि पहिल्यांदा डावीकडून मेनू वाचला. मशरूमचा पास्ता, टोमॅटोचं सूप, पाव, शेवटी दोन कॉफी. मेनूवर पन्नास डॉलर होतात. त्यावर सव्वाआठ टक्क्यांहून थोडा जास्त विक्रीकर, म्हणजे चार डॉलर आणि काही सेंट, आणि वीस टक्के टिप, दहा. हातातून गेले चौसष्ट. रुपये करू नका असं मी ह्यांना बजावलं. (घरी येऊन मीच केले. पाच हजार सहाशे बत्तीस.) पास्ता छान होता. मी पूर्ण जेवले. नंतर बेलाजिओ हॉटेलसमोरच्या तळ्यातली कारंजी बघत कठड्याला टेकून कितीतरी वेळ उभे होतो. १९९८ पासून ती कारंजी गाण्यावर नाचतात, आणि रस्त्यावरून बघायला एक पैसा पडत नाही. सहलीतली सर्वांत सुंदर गोष्ट हीच, असं माझं मत. ह्यांचं मत धरणाला, जे आम्ही पाहिलंच नाही.

आता लेकीची गोष्ट. परतल्यावर दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलावर हॉटेलचं बिल छापून ठेवलेलं होतं. मी मास्तरीण, समोर कागद दिसला की वाचते. खोली: रात्रीला बासष्ट. रिसॉर्ट फी: रात्रीला पन्नास. दोन रात्रींचे मिळून दोनशे चोवीस, त्यावर सुमारे साडेतेरा टक्के कर, एकूण दोनशे चौपन्न. पॉइंटबिइंट काही नाही. तिने पैसे भरले होते.

ही रिसॉर्ट फी म्हणजे काय, तर इंटरनेट, व्यायामशाळा, तरणतलाव असलं काहीबाही, तुम्ही वापरा न वापरा, सक्तीचं. पूर्वी जाहिरातीत बासष्टच दिसायचे आणि पन्नास नंतर कुठेतरी उगवायचे. १२ मे २०२५ पासून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा नियम लागू झाला की सक्तीचे सगळे आकार धरून एकूण आकडाच आधी आणि ठळक दाखवायचा. फी बंद झालेली नाही, लपवणं बंद झालं आहे. चांगला नियम आहे. आपल्याकडेही गोव्याला मांडवीत कॅसिनोच्या बोटी उभ्या असतात, त्यांच्या प्रवेशाच्या पैशांतच जेवण-खाण धरलेलं असतं, आणि लोक येऊन सांगतात की जेवण फुकट होतं. आमच्या भाच्यांपैकी जे डिसेंबरात जाऊन आले त्यांनी हे वाक्य माझ्यापुढे म्हटलं होतं, म्हणून मुद्दाम लिहिते. बाळांनो, फुकट काही नव्हतं. तो जुना गळच आहे.

असो. मी लेकीला विचारलं, “फुकट म्हणाली होतीस ना?”

ती म्हणाली, “खरं सांगितलं असतं तर तुम्ही गेला असतात?”

“नसतो गेलो.”

“म्हणूनच नाही सांगितलं.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि अजून मी त्याच वाक्याशी अडून आहे. हॉटेलवाला किंमत लपवतो, कारण ती कळली तर आपण येणार नाही. आणि माझी लेक किंमत लपवते, कारण ती कळली तर आम्ही जाणार नाही. एकाच्या मनात लोभ, दुसरीच्या मनात माया, पण युक्ती तीच! हॉटेलवाल्यावर सरकारने नियम घातला. लेकीवर कोण घालणार? आणि खरं म्हणजे दोष तिचा आहे का?

माझं मत असं झालं आहे की दोष आमचा आहे. आमच्या पिढीला किंमत ऐकून ‘हो’ म्हणता येत नाही. आकडा कानावर पडला की तोंडातून ‘नको’ बाहेर पडतं, पदार्थ कळायच्या आधी. काटकसर चांगलीच. तिच्यावर आमची घरं उभी राहिली, मुलं शिकली. पण काटकसर म्हणजे पैसे कुठे घालायचे ते ठरवणं. सगळ्यालाच नको म्हणणं ही काटकसर नव्हे, ती भीती. आणि आपण भीतीने नको म्हणत राहिलो की आपल्यावर प्रेम करणारी माणसं आपल्याशी खोटं बोलायला शिकतात. साडी सातशेची सांगतात, असते दोन हजारांची. औषध ‘कंपनीकडून मिळतं’. विमानाचं तिकीट ‘ऑफरमध्ये’. त्यांना खोटं बोलायला आपण लावतो, आणि वर ‘आमच्या मुलांना पैशाची किंमत नाही’ म्हणतो. किंमत त्यांना माहीत असते. ती आपल्याला सांगायची सोय आपण ठेवलेली नसते.

तेव्हा जे कोणी जोडीने असल्या महागड्या गावी दोन-तीन दिवस जाणार असतील त्यांना माझा सल्ला एवढाच. निघण्याआधी एक आकडा दोघांनी मिळून ठरवा. खोलीचा भाव विचारताना ‘सगळं धरून किती’ असं विचारा. मेनूवरच्या रकमेत आणखी तिसरा हिस्सा मनातल्या मनात मिळवा, म्हणजे कर आणि टिपेचा धक्का बसत नाही. पाणी बाहेरून घ्या. खेळायचंच असेल तर त्याचं पाकीट वेगळं करा आणि ते गेलं असंच समजा. आणि मग उरलेल्या पैशांत पोटभर जेवा. भूक मारून वाचवलेले पैसे मशीनमध्ये कसे जातात ते आम्ही पाहिलं आहे.

आमचा पूर्ण हिशेब, ह्यांच्या डायरीतून, दुरुस्त करून:

मंगळवार: कॉफी-मफिन २४, पाणी १२, पिझ्झा २९.
बुधवार: नूडल्स २१, ज्यूस ६० (‘निःशुल्क’ खोडलेलं आहे), टिप १, जेवण ६४.
गुरुवार: न्याहारी २७, खोली आवरणाऱ्या बाईंना १०.
एकूण २४८. पाकिटात उरले ५२. खोलीचे २५४ धरून सहलीचा खर्च ५०२ डॉलर, म्हणजे सुमारे ४४ हजार रुपये.

नुसत्या खाण्यापिण्याचे १७७ झाले. खोलीचं नुसतं भाडं १२४. ज्या गावात जेवण हे आमिष होतं तिथे आता जेवण खोलीपेक्षा महाग, यावरून काय ते समजा.

आम्ही डिसेंबरात परत आलो. जानेवारीत लेकीचा फोन आला, ह्यांच्या कानाच्या मशीनबद्दल. ह्यांना दोन वर्षं ऐकू कमी येतं आणि दोन वर्षं हे ‘मला येतं सगळं ऐकू’ म्हणत आहेत. (हे त्यांचं ‘मला भूक नाही’.) लेक म्हणाली, “बाबा, पूर्ण किंमत सांगते. एक लाख चाळीस हजार. मला द्यायचे आहेत.” फोन स्पीकरवर होता. ह्यांचं तोंड ‘न’ म्हणायला उघडलेलं मी स्पष्ट पाहिलं. मी काही बोलले नाही, फक्त बघत राहिले.

थोडा वेळ गेला. मग हे म्हणाले, “निम्मे मी देतो.”

“चालेल,” लेक म्हणाली.

मशीन आता कानात आहे. डायरीत नोंद आहे, सत्तर हजार, खरी. काल मी स्वयंपाकघरात हळूच म्हटलं, “मला भूक लागली आहे,” तर बाहेरच्या खोलीतून आवाज आला, “मग डोसा खायला जाऊ या का?”

गेलो. दोन मागवले.